तात्या विंचूची भीती आणि नकलेचा जुना आरोप : पार्श्वभूमी

‘झपाटलेला’ या महेश कोठारे दिग्दर्शित मराठी चित्रपटाचा तिसरा भाग येणार अशी घोषणा झाली आणि तीस वर्षं जुने वाद पुन्हा सुरू झाले. काहींचं म्हणणं असं, की लहानपणी तात्या विंचू नावाच्या ज्या बाहुल्यामुळे रात्री पलंगाखाली पाय सोडायची हिंमत होत नव्हती, त्याला आता हात लावू नये. काहींना यात भीतीचा प्रश्नच कळत नाही. त्यांच्या लेखी तो लक्ष्याचा, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंचा, विनोदी चित्रपट, भयपट नव्हेच. आणि तिसरं मत तर पहिल्या दिवसापासून ऐकू येतं : हे सगळं अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललेलं आहे, त्यात आपलं असं काय?

कथा, गाणी, संवाद वाचकांना पाठ आहेत, ते पुन्हा सांगत बसत नाही. १९९३ मध्ये हा चित्रपट करताना एक निर्णय घेतला गेला आणि वरची तिन्ही मतं शेवटी त्या निर्णयापाशीच येऊन थांबतात, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो आहे. मूळ चित्रपटातली दुकानात मिळणारी खेळण्यातली बाहुली सोडून इथे शब्दभ्रमकाराचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणाऱ्या कलावंताचा, बोलका बाहुला घेतला गेला, हा तो निर्णय.

आधी काळ समजून घ्यायला हवा. १९८५ च्या ‘धूमधडाका’पासून कोठारेंचा प्रेक्षक पक्का झाला होता. १९८९ च्या ‘थरथराट’ने टकलू हैवान दिला, १९९० च्या ‘धडाकेबाज’ने कवट्या महाकाळ. खलनायकाचं नावच असं ठेवायचं, की चाळीतल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी खेळात ते घ्यावं. तात्या विंचू आणि त्याचा साथीदार कुबड्या खवीस हे याच घराण्यातले. ‘धडाकेबाज’मध्ये वाळूच्या बाटलीत राहणारा एवढासा गंगारामही होता. म्हणजे माणूस हातभर उंचीचा होऊन बोलतो, भांडतो, हे त्या प्रेक्षकाने तीन वर्षं आधीच टाळ्या वाजवून मान्य केलेलं होतं. संगणकावरच्या करामती मराठी निर्मात्याच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. जे दाखवायचं ते सेटवर घडवायचं आणि कॅमेऱ्यात पकडायचं, अशी रीत होती.

आता आरोपाकडे. ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८ चा. गोळी लागून मरायला टेकलेला गुन्हेगार मंत्र म्हणतो आणि जवळच्या बाहुलीत शिरतो. बाहुलीतून सुटायचं असेल तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात जावं लागेल, हा नियमही तिथलाच. हा सांगाडा ‘झपाटलेला’ने जवळपास जसाच्या तसा घेतला आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. चित्रपटावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीही ते मान्य करावं. ते मान्य केल्यावरच पुढचं नीट बोलता येतं.

मूळ चित्रपटात बाहुली ज्याच्या हाती पडते तो सहा वर्षांचा मुलगा आहे. टीव्हीवर त्या बाहुलीचं कार्टून लागतं, जाहिरात लागते, दुकानात तिचे खोक्यांचे ढीग आहेत, आणि आईच्या पगारात ती बसत नाही. ती भीती मुळात बाजाराची आहे : मुलाला जे विकलं जातं तेच त्याच्यावर उलटतं. १९९३ चा महाराष्ट्र त्या बाजाराच्या उंबरठ्यावरही नव्हता. अर्थव्यवस्था खुली होऊन दोनच वर्षं झाली होती. टीव्ही मालिकेवरून निघालेली महागडी बाहुली हा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात हट्टाचा विषय झालेला नव्हता, मग श्रीरंगपूरसारख्या गावात तर ती कुठून येणार? खेळण्यातली बाहुली तशीच उचलली असती तर प्रेक्षकाला ती ओळखीची वाटली नसती, आणि जे ओळखीचं नाही ते अचानक बोलायला लागलं तरी अंगावर काटा येत नाही.

बोलका बाहुला मात्र घराघरात माहीत होता. अर्धवटराव आणि आवडाबाई या पाध्ये घराण्याच्या बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग मराठी माणसाने गणेशोत्सवात, शाळेच्या गॅदरिंगला, दूरदर्शनवर पाहिलेले होते. पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससाही त्याच घराण्यातल्या रामदास पाध्ये यांच्या हातातला. ज्या घराण्याने अर्धवटराव घडवला त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीतल्या या पाध्यांकडे तात्या विंचूचा बाहुला बनवण्याचं आणि चालवण्याचं काम गेलं. नकलेच्या वादात या माणसाच्या कामाचा उल्लेख सहसा होत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तोच व्हायला हवा.

शब्दभ्रमाच्या बाहुल्याची रचना मुद्दाम बोलण्यासाठी केलेली असते. डोकं आतून पोकळ, मानेखाली दांडा, दांड्यावर खटका. खटका दाबला की खालचा जबडा सुटतो. तोंडाच्या दोन्ही कडांपासून हनुवटीपर्यंत ज्या दोन उभ्या चिरा दिसतात त्या त्याच सुट्या जबड्याच्या. डोळे फिरवायला, भुवया उडवायला वेगळ्या दोऱ्या किंवा तारा. रंगमंचावर हा चेहरा लोकांना हसवतो, कारण त्याच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो आणि सगळ्यांना ठाऊक असतं, की आवाज त्या माणसाचा आहे. तो माणूस काढून घेतला की तोच चेहरा, तोच जबडा, त्याच चिरा भीतीदायक होतात. वेगळा राक्षसी मुखवटा करायची गरज उरत नाही. कमी पैशांत एवढा परिणाम साधणारी दुसरी युक्ती त्या काळी सापडली असती असं मला वाटत नाही.

तुलनेसाठी आकडा पाहू. ‘चाइल्ड्स प्ले’चा खर्च सुमारे ९० लाख डॉलर. तिथे यंत्रांवर चालणाऱ्या अनेक बाहुल्या होत्या, प्रत्येकीचा चेहरा हलवायला माणसांचा ताफा होता, आणि बाहुली धावताना दाखवायची तेव्हा मोठ्या मापाचा सेट बांधून कमी उंचीच्या नटाला तिचे कपडे घातले गेले. मराठीत त्याच्या जवळपास जाणंही शक्य नव्हतं. बाहुला चालवणारा कलावंत चौकटीच्या खाली किंवा आडोशाला लपणार, कॅमेरा कंबरेच्या वरचा भाग धरणार, आणि बाकीचं जमिनीलगतच्या कॅमेऱ्याने, सावलीने आणि घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याने भागवायचं. हाताने चालवलेल्या बाहुल्याची अशी एक व्याकरणपद्धतच आहे. ‘बाहुला नीट चालताना दिसत नाही’ ही आजच्या प्रेक्षकाची तक्रार खरी आहे. पण तो बोलताना जो जिवंत वाटतो तो याचमुळे. जबड्याच्या प्रत्येक उघडझापीमागे, मान वळवण्याआधीच्या त्या क्षणभराच्या थांब्यामागे, आयुष्यभर हेच काम केलेला हात आहे.

आवाजाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण इथे शब्दभ्रमाची एक जुनी अडचण आपोआप सुटली. ओठ न हलवता बोलणाऱ्याला प, फ, ब, भ, म ही अक्षरं सगळ्यात छळतात, कारण ती ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. कलावंत त्यांच्या जागी जवळचे ध्वनी वापरून वेळ मारून नेतो, शब्द टाळतो, वाक्य फिरवतो. चित्रपटात मात्र हात एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा होता. माणूस असलेल्या तात्या विंचूचं काम करणाऱ्या दिलीप प्रभावळकर या ज्येष्ठ नटाचाच आवाज बाहुल्याला दिला गेला. त्यामुळे ‘ओम फट् स्वाहा’ हे शब्द, ज्यात ‘म’ही आहे आणि ‘फ’ही, बाहुल्याच्या तोंडून पूर्ण ताकदीने ऐकू आले. हा मंत्र पोरांच्या तोंडी बसला त्याला अर्थ कारणीभूत नव्हता, अर्थ कुणालाच कळत नव्हता. तो बसला त्या उच्चारातल्या जोरामुळे.

दिग्दर्शकाने दुसरा बदल केला तो मुलाच्या जागी मोठा माणूस आणण्याचा. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे. त्यामुळे ‘बाहुला आपणहून बोलतो’ असं तो ओरडून सांगतो तेव्हा गावाने त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारणच नाही. मूळ कथेत लहान मुलाचं कुणी ऐकत नाही, इथे हसवणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही. चित्रपट भीतीचा की विनोदाचा, हा प्रेक्षकांमधला तंटा इथेच जन्मतो. मोठी माणसं लक्ष्याच्या तारांबळीकडे पाहून हसत होती. लहान मुलं त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाहुल्याकडे पाहत होती. दोघांनी एकच दृश्य पाहिलं आणि दोघांचंही सांगणं खरं आहे.

मंत्र बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून आला, आणि बाहुल्याला मारायची जागा हृदयावरून दोन भुवयांच्या मधोमध गेली. हे बदल वरवरचे वाटतात, तसे ते नाहीत. परकायाप्रवेश आपल्याला शंकराचार्यांच्या आख्यायिकेपासून ठाऊक होता. त्यासाठी मूळ चित्रपटातल्या वूडू या परक्या जादूटोण्याची ओळख करून द्यावी लागली नाही. दारावर टांगलेली काळी बाहुली, तिठ्यावर लिंबाशेजारी पडलेली टाचण्या टोचलेली बाहुली, ‘तिला ओलांडू नकोस’ म्हणणारी आजी, हे सगळं प्रेक्षक घरून घेऊन आला होता.

नकलेचा आरोप करणारे ‘चाइल्ड्स प्ले’शी थांबतात, पण तो चित्रपट तरी कुठे आकाशातून पडला होता? शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला हा विषय पाश्चात्त्य पडद्यावर १९२९ च्या ‘द ग्रेट गॅबो’पासून चालत आला आहे. १९४५ च्या ब्रिटिश ‘डेड ऑफ नाइट’मध्ये तो भयाच्या टोकाला गेला, १९७८ च्या ‘मॅजिक’मध्ये पुन्हा आला. त्या परंपरेत प्रश्न असतो तो माणसाच्या वेडाचा : बाहुला खरोखर बोलतो, की त्याच्या मालकाचं मन फाटलं आहे? १९८९ मध्ये ‘पपेट मास्टर’ने अमेरिकेत थेट व्हिडिओ कॅसेटच्या बाजारात स्वस्तातल्या खुनी बाहुल्यांची रांगच लावली आणि त्याचे पुढचे भाग कित्येक वर्षं निघत राहिले. ‘झपाटलेला’ने कथा खुनी खेळण्याच्या धारेतून घेतली आणि बाहुल्याचं शरीर शब्दभ्रमाच्या धारेतून. असा संयोग ‘चाइल्ड्स प्ले’त नाही. हिंदीत १९९६ मध्ये ‘पापी गुडिया’ आला, त्यात खेळण्यातली बाहुलीच ठेवली होती. त्या बाहुलीचं नाव आज किती जणांना आठवतं आणि तात्या विंचूचं किती जणांना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

  

चित्रपटाबद्दलचं मत बदलत गेलं ते टीव्हीमुळे. थिएटरात पाहणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी तो व्हिडिओ कॅसेटवर, केबलवर आणि १९९९ पासून सुरू झालेल्या खासगी मराठी वाहिन्यांवर पाहिला. रविवारच्या दुपारी, जेवण झाल्यावर, घरच्यांच्या गोतावळ्यात. अंधाऱ्या थिएटरातली भीती आणि दिवसाउजेडी, मामा-मावश्यांच्या हशात पाहिलेली भीती यांत फरक पडणारच. ‘तो विनोदीच होता’ असं ठामपणे म्हणणारी पिढी बहुतेक या दुपारच्या प्रेक्षकांची आहे. हिंदीत तो ‘खिलौना बना खलनायक’ झाला, तात्या विंचूचा तात्या बिच्छू झाला, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच प्रेक्षकांनी तो मूळचा मराठी आहे हे माहीत नसतानाच पाहिला.

२००४ मध्ये लक्ष्याचं काम करणारे नट गेले. २०१३ च्या जूनमध्ये ‘झपाटलेला २’ आला, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट अशी त्याची जाहिरात झाली. बाहुला तोच, वैर आता लक्ष्याच्या मुलाशी. या भागाबद्दलची मतं पहिल्याइतकी विभागलेली नाहीत; निराशेचा सूर जास्त ऐकू येतो. माझंही मत त्याच बाजूचं आहे. थ्रीडीमुळे बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर यायला लागला, पण पहिल्या भागात तो अंगावर येत नव्हता म्हणूनच भीती वाटत होती. तो कोपऱ्यात, पेटीत, पलंगावर निपचित पडलेला असायचा आणि आता हलेल, मग हलेल म्हणून आपण वाट पाहायचो. लक्ष्याची घबराट आपल्यापर्यंत पोचवणारा नटही आता नव्हता. बाहुल्याला घाबरणारा माणूस तितका खरा नसेल तर बाहुला कितीही चांगला चालवला तरी लाकडाचाच राहतो.

म्हणून तिसऱ्या भागाच्या घोषणेतला सगळ्यात वादग्रस्त भाग मला बाहुल्याविषयीचा वाटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्याला पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार दिग्दर्शकाने बोलून दाखवला आहे. एका पक्षाला हे आदरांजलीसारखं वाटतं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, की गेलेल्या माणसाचा चेहरा वापरायची परवानगी कुटुंबाने दिली तरी त्याचा अभिनय कुणी द्यायचा? त्या नटाचं विनोदाचं अंग वाक्य संपल्यावरच्या अर्ध्या क्षणात होतं. समोरचा नट, बाहुल्यामागचा कलावंत आणि तो स्वतः यांच्यात सेटवर ते घडत असे. मी या दुसऱ्या पक्षाचा आहे. तात्या विंचूला पुन्हा बोलवायचं असेल तर त्याच्या जबड्याच्या खटक्यावर जाणत्या शब्दभ्रमकाराचं बोट असावं आणि त्याच्यासमोर जिवंत नट उभा असावा. तेवढ्या खर्चात १९९३ मध्ये चित्रपट झाला होता.