गोळी नकोशी वाटते, ती का?

मनोविकाराची औषधं मध्येच सोडणाऱ्या रुग्णाबद्दल घरच्यांचं निदान ठरलेलं असतं: 'आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही, म्हणून गोळ्या टाळतो.' यात काहीच तथ्य नाही असं नाही. स्किझोफ्रेनियात स्वतःच्या आजाराची जाणीव अनेकदा खरोखरच कमी झालेली असते. पण एकदा हे कारण मनात पक्कं बसलं, की रुग्ण काय सांगतोय ते ऐकून घ्यायची गरजच कुणाला वाटेनाशी होते. माझा आक्षेप आहे तो याला.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅटी' या अमेरिकी अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे सुमारे दीड हजार रुग्ण होते. 18 महिने पूर्ण व्हायच्या आत त्यांतल्या 74 टक्के रुग्णांचं सुरुवातीला दिलेलं औषध बंद झालं होतं. सर्वांत जास्त वेळा नोंदवलं गेलेलं कारण होतं रुग्णाचा स्वतःचा निर्णय. इतक्या माणसांच्या निर्णयाला नुसता हट्ट म्हणून कसं चालेल?

हा निर्णय कशातून येतो, हे मोजायची साधनं आहेत. त्यांतलं एक जुनं आणि अजून वापरात असलेलं साधन कॅनडातल्या हॉगन, अवाद आणि ईस्टवुड यांनी 1983 मध्ये मांडलं. ही औषधाविषयीच्या दृष्टिकोनाची प्रश्नावली आहे. मूळ प्रश्नावलीत 30 विधानं आहेत, पुढे 10 विधानांची छोटी आवृत्तीही आली. प्रत्येक विधानापुढे रुग्णाने 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच लिहायचं. गोळ्यांनी विचार स्पष्ट होतात का, सुस्त वाटतं का, गोळी मी माझ्या मर्जीने घेतो का, अशा धाटणीची ती विधानं असतात. औषधाच्या बाजूने उत्तर आलं तर अधिक एक, विरोधात आलं तर उणे एक. म्हणजे छोट्या प्रश्नावलीत गुण उणे 10 ते अधिक 10 यांच्या दरम्यान पडतात. काही विधानं औषधाची भलामण करणारी आणि काही तक्रारीची असतात, ती मुद्दामच. सगळीकडे डोळे मिटून 'बरोबर' लिहिणारा माणूस त्यामुळे टोकाचे गुण मिळवू शकत नाही.

यातली बरीचशी विधानं आजाराच्या ज्ञानाविषयी नाहीत, तर गोळी घेतल्यावर कसं वाटतं याविषयी आहेत. औषध नियमित घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक प्रामुख्याने इथेच दिसून आला. त्याआधी 1974 मध्ये थिओडोर व्हॅन पुटन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने दाखवलं होतं, की औषध टाळण्याचा अकॅथिझियाशी जवळचा संबंध आहे. अकॅथिझिया म्हणजे औषधामुळे येणारी आतली तगमग. माणूस खुर्चीत बसतो, पाय हलवतो, उठतो, पुन्हा बसतो. सौम्य असेल तर बाहेरून काही दिसतही नाही, आणि दिसलंच तर ती आजाराचीच अस्वस्थता समजून डोस वाढवला जाण्याचा धोका असतो.

हे 'वाटणं' येतं कुठून? मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. सायकोसिसवरची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची, बहुतेक औषधं डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या डी-2 रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागांवर, जाऊन बसतात. किती रिसेप्टर व्यापले गेले, हे जिवंत माणसाच्या मेंदूत पेट स्कॅनने मोजता येतं: याच रिसेप्टरला चिकटणारा किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि औषधाने त्याला किती जागा शिल्लक ठेवली ते पाहतात. हॅलोपेरिडॉल या त्यांतल्याच एका औषधावरच्या अशा एका अभ्यासात, जो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे 65 टक्के रिसेप्टर व्यापल्यावर गुण येण्याची शक्यता वाढली, पण 78 टक्क्यांच्या पुढे ताठरपणा आणि तगमग यांसारखे त्रासही वाढले. मधली पट्टी इतकी अरुंद आहे.

आता थोडं गणित. व्यापलेल्या रिसेप्टरचं प्रमाण डोसच्या सरळ पटीत वाढत नाही. समजा, एका डोसला 50 टक्के रिसेप्टर व्यापले जातात. डोस दुप्पट केला तर 100 टक्के होत नाहीत, 67 होतात. चौपट केला तर 80. म्हणजे पहिल्या दुपटीत माणूस उपयोगाच्या पट्टीत आला आणि दुसऱ्या दुपटीत पट्टी ओलांडून गेला. त्यातच प्रत्येकाचं यकृत औषधाचा निचरा वेगवेगळ्या वेगाने करतं. धूम्रपानामुळे ओलान्झपिन आणि क्लोझपिन ही याच गटातली औषधं लवकर निघून जातात, आणि सिगारेट सोडली की त्याच डोसला त्यांची रक्तातली पातळी चढते. तेव्हा चिठ्ठीवर तोच आकडा असलेल्या दोघांच्या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात. डोपामिनचा उत्साहाशी आणि गोडी वाटण्याशीही संबंध आहे. तो गरजेपेक्षा जास्त अडला की 'मी बधिर झालोय, कशातच रस वाटत नाही' अशी तक्रार येते. ही तक्रार रिसेप्टरच्या पातळीवरची माहिती असू शकते, आणि ती मिळवायला दहा विधानांचा कागद पुरतो.

गोळीच्या पोटात संवेदक बसवून ती गिळली की नाही हे कळवणाऱ्या 'डिजिटल गोळी'ला अमेरिकेत 2017 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा औषध टाळण्याचा प्रश्न सुटल्याच्या थाटात बातम्या आल्या. गोळी पोटात गेली एवढंच तिला कळतं. ती घेणाऱ्याला कसं वाटतंय, हे तिला कळत नाही. 'मनाच्या सगळ्याच गोळ्यांची नशा लागते' हा समजही असाच आंधळा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. सायकोसिसवरच्या औषधांची तशी ओढ लागत नाही, मात्र ती एकाएकी सोडली तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्यायचं, परस्पर बंद करायचं नाही.

प्रश्नावलीलाही मर्यादा आहेत. डॉक्टर समोर बसून विचारत असतील, तर रुग्ण त्यांना आवडेल असं उत्तर देऊ शकतो. औषधाविषयी चांगलं मत असणाराही विसरभोळेपणाने गोळ्या चुकवतो. त्याला आठवण करून देणारी सोय हवी, समजावणी नको. आणि मत बदलत राहतं, म्हणून भरतीच्या दिवशी एकदा भरून घेतलेला कागद वर्षभर फाइलीत ठेवून उपयोग नाही. डोस बदलल्यावर तीच विधानं पुन्हा विचारायची आणि कोणतं उत्तर फिरलं ते पाहायचं. एकूण गुणांपेक्षा 'सुस्त वाटतं' यापुढचं 'बरोबर' आता 'चूक' झालं का, यावरून डॉक्टरांना पुढचा डोस ठरवायला जास्त मदत होते.