धाप लागेपर्यंत की दमादमाने?

खो-खोच्या मैदानात पाठीवर ‘खो’ पडताच उकिडवा बसलेला खेळाडू उसळून उठतो, काही सेकंद जिवाच्या आकांताने धावतो आणि पुढच्याला खो देऊन पुन्हा बसतो. त्या वेळी त्याच्या छातीचा भाता जोरात चाललेला असतो. जोराचा पळ आणि मध्ये थोडी विश्रांती, याच तत्त्वावर आज तीव्र टप्प्याटप्प्यांचा व्यायाम शिकवला जातो. मैदानाला संथ गतीने फेऱ्या मारणाऱ्या मुलापेक्षा या खेळाडूच्या शरीराला अधिक लाभ होतो का?

स्कॉटलंडमधील सुमारे १६ वर्षांच्या ५७ मुलामुलींवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. एक गट आठवड्यातून तीनदा २० मिनिटे मध्यम गतीने सलग धावला. दुसरा गट तितक्याच दिवशी ३० सेकंद पूर्ण ताकदीने धावून थोडा थांबत असे आणि असे चार ते सहा वेळा करीत असे. तिसऱ्या गटाला कोणताच विशेष व्यायाम नव्हता. सात आठवड्यांत पहिल्या गटाचा व्यायाम ४२० मिनिटे, तर दुसऱ्याचा अवघी ६३ मिनिटे झाला. दोन्ही गटांचा दमसास वाढला. मात्र वरचा रक्तदाब तीव्र व्यायाम करणाऱ्यांचा उतरला, तर शरीरातील चरबीचे प्रमाण आणि रक्तातील इन्शुलिन सलग धावणाऱ्यांचे सुधारले. वेळ वाचतो हे खरे, पण म्हणून सारेच लाभ थोड्या वेळात पदरात पडतात असे म्हणणे मला घाईचे वाटते.

यामागचे कारण स्नायूंत सापडते. पूर्ण वेगाने धावताना रक्तातून येणारा ऑक्सिजन पुरत नाही, त्यामुळे स्नायू साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, झपाट्याने फोडतात आणि पेशीतील ऊर्जेची चणचण ‘एएमपीके’ नावाच्या विकराला (एन्झाइमला) जागे करते. हा विकर पेशीची ऊर्जाकेंद्रे, म्हणजे तंतुकणिका, वाढवण्याचा इशारा देतो. संथ, सलग व्यायामातही हा इशारा मिळतो, पण तो सौम्य असतो आणि दीर्घ काळ चालतो. शिवाय अशा व्यायामात इंधन म्हणून चरबीचा वाटा मोठा असतो. हाडांचा हिशेब वेगळा आहे: वाढत्या वयात हाडे बळकट होतात ती उड्या आणि धावण्यातल्या आघातांनी, केवळ धाप लागल्याने नव्हे.

आपला व्यायाम किती तीव्र आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाणे म्हणता आले तर तो हलका, बोलता येते पण गाता येत नाही तर मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तीव्र व्यायामाचा समावेश ठेवावा. म्हणजे तीव्र व्यायाम रोजच्या हालचालीत मिसळायचा आहे, तिच्या जागी आणायचा नाही. बरेच दिवस बसून असलेल्या मुलाने भरभर चालण्यापासून सुरुवात करावी; दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि अंग हळूहळू तापवल्याशिवाय जोराने पळू नये.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७८ टक्के, तर मुलींपैकी ८५ टक्के पुरेशी हालचाल करीत नव्हत्या. आणि त्या स्कॉटिश प्रयोगातल्या ५७ जणांत मुली होत्या फक्त १०.