लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही तेव्हा

हिमोग्लोबिन १०.५ आलं की कोल्हापुरात सल्ला ठरलेला: गूळ-शेंगदाणे खा, काकवी घे. सोबत लोहाच्या गोळ्या. तीन महिने नेमाने घेऊनही आकडा हलला नाही, तर बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या, जनुकाकडे पाहायला हवं.

अकराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची आरएनए प्रत निघते, तेव्हा तिच्यात कामाचे तीन तुकडे आणि त्यांच्या मध्ये दोन बिनकामाचे असतात. एकेकाळी इथल्या स्टुडिओत संकलक नको तेवढं रीळ कापून टोकं चिकटवायचे, तेच काम पेशीला करावं लागतं. कुठे कापायचं याची खूण बिनकामाच्या तुकड्याच्या सुरुवातीलाच असते. भारतात बीटा थॅलेसेमियात, म्हणजे ही साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषात, सर्वाधिक आढळणारा बदल नेमका तिथे आहे: पहिल्या बिनकामाच्या तुकड्यात पाचवं अक्षर 'जी'ऐवजी 'सी'. खूण पुसट होते आणि कात्री आसपासच्या तीन फसव्या जागांवर चालते. दोन जागा अलीकडे, तिथे कामाचा मजकूर उडतो. एक पलीकडे, तिथे नको ती अक्षरं शिल्लक राहतात. नीट कापलेल्या प्रती फार थोड्या उरतात.

आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असतील तर बीटा साखळीचा जोडीदार न मिळालेल्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळ्या साचून तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. हा थॅलेसेमिया मेजर. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एकच प्रत सदोष असेल तर मायनर: पेशी लहान, पण संख्येनं भरपूर.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर हे दिसतं. एमसीव्हीला, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराला, तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या संख्येनं भागा. ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. १३च्या खाली आलं की मायनरचा संशय. ७० भागिले ४.२ म्हणजे १६.७, हा कल लोहाच्या कमतरतेकडे. खात्री हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीनं होते, मायनरमध्ये त्यातला ए-२ हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर जातो. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही सोबत तपासावं, कारण लोह कमी असेल तर ए-२ खाली येऊन मायनर लपू शकतो. मायनर हा आजार नव्हे. तो 'बरा करणारी' चूर्णं घेऊ नयेत, आणि फेरिटिन चांगलं असताना लोहही नको.

एकनाडी किंवा नवरा-बायकोचा एकच रक्तगट, यांचा थॅलेसेमियाशी काहीही संबंध नाही. दोघंही मायनर असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्नी मायनर निघाली की पतीची एचपीएलसी लगेच करावी. गर्भाला मेजर आहे का, हे पाहण्यासाठी वारेचा नमुना गरोदरपणाच्या १० ते १३ आठवड्यांत घेतात, आणि त्याआधी दोघांच्या जनुकांतला नेमका बदल माहीत असावा लागतो.