कोल्हापूर शहरातील ब्रिटिशकालीन खुणा

कोल्हापुरातील चौक, सार्वजनिक इमारती, पूल आणि वस्त्यांची नावे यांत टिकून राहिलेल्या इंग्रजी अमलाच्या खुणा. कोल्हापूर संस्थान असल्याने मुंबई-पुण्यासारखा थेट कंपनी सरकारचा कारभार इथे नव्हता. 1812 च्या तहाने इंग्रजांचा शिरकाव झाला, 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, बंडानंतर त्यांची पकड आवळली आणि 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मधल्या काळात गादी छत्रपतींची आणि नजर पोलिटिकल एजंटची, म्हणजे संस्थानावर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची, असा मामला होता. त्यामुळे इथल्या खुणांकडे बोट दाखवून ‘ही इंग्रजांची, ही आपली’ असे सांगता येत नाही.

इंग्रज वास्तुरचनाकार मेजर चार्ल्स मँट याच्या इमारती पाहिल्या की हे पटते. भवानी मंडपालगतची राजाराम हायस्कूलची इमारत, टाऊन हॉल (1872–76), त्यासमोरचा दवाखाना आणि नवा राजवाडा (1877–84) ही त्याचीच कामे. त्या वर्षांत गादी पोरकीच होती म्हणायची. राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपहून परतताना फ्लॉरेन्स येथे वारले. तिथली त्यांची छत्रीही मँटच्याच आराखड्याची आहे. त्यांच्यामागून आलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान, आणि त्यांचाही शेवट 1883 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात अहमदनगरच्या किल्ल्यात झाला. अशा काळात उभा राहिलेला नवा राजवाडा काळ्या घडीव दगडाचा आहे. मधोमध घड्याळाचा मनोरा आणि दरबार हॉलच्या खिडक्यांना विलायती पद्धतीची रंगीत काच आहे. त्या काचांवर चित्रे मात्र आहेत शिवचरित्रातील प्रसंगांची. परक्या कारागिरीत आपला इतिहास बसवण्याची ही रीत, प्रस्तुत लेखकाच्या मते, राजवाड्याच्या शिल्पशैलीवरील कोणत्याही चर्चेपेक्षा जास्त बोलकी आहे.

दवाखान्याला आल्बर्ट एडवर्ड या इंग्लंडच्या युवराजाचे नाव होते. पंचक्रोशीतल्या लोकांनी त्याला ‘थोरला दवाखाना’ म्हटले. पुढे छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव मिळाले आणि आता सगळे ‘सीपीआर’ म्हणतात. जवळच्या चौकाला चिमासाहेब महाराजांचे नाव आहे. 1857 मध्ये इथल्या 27 व्या पलटणीने बंड केले, त्यानंतर तेव्हाच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ असलेल्या चिमासाहेबांना कराचीला नेऊन कैदेत ठेवण्यात आले. ते तिथेच 1869 मध्ये वारले. टाऊन हॉलमध्ये आज वस्तुसंग्रहालय असून कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती तिथे आहे.

मुद्दाम उखडून टाकलेली खूण एकच ठळकपणे सांगता येते. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा भर चौकात होता. 1942 च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी त्यावर डांबर ओतले. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो फोडला. त्याच जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने 1945 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. हाच आजचा शिवाजी चौक. लक्ष्मीपुरीतल्या पुलाला मात्र लोक अजून बिनदिक्कत ‘विल्सन पूल’ म्हणतात. त्याबद्दल कुणाला राग आल्याचे ऐकिवात नाही.

बाकीच्या खुणा विखुरलेल्या आहेत. कसबा बावड्याकडच्या लाईन बाजारात पलटणीच्या ‘लाईन’ची आठवण आहे, रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीचे निवासस्थान) हे नाव क्लबाला चिकटून आहे, आणि वायल्डर मेमोरियल चर्च 1852 मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्याच्या नावाने ओळखले जाते. पंचगंगेवरचा दगडी कमानींचा शिवाजी पूल 1870 च्या दशकातला. शेजारी 2019 मध्ये नवा पूल झाल्यावर त्याच्यावरचा वाहनांचा भार हलका झाला. मिरजेहून 1891 मध्ये आलेली रेल्वे संस्थानच्या खर्चाची होती. तिचा पायाभरणी समारंभ 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाला होता आणि स्थानकाला आज त्यांचेच नाव आहे.