यंत्रालाही वळण असतं

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये शेती अवजारांच्या चौकटी वेल्ड होतात. तिथं जुन्या रोबोटच्या शेजारी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा रोबोट आला. जुन्याला मिस्त्रींनी आठवडाभर खपून टीच केलं होतं. पेंडंट, म्हणजे रोबोट हलवायचा बटणांचा डबा, हातात धरायचा, टॉर्चचं, म्हणजे वेल्डिंगच्या नळीचं, टोक चौकटीच्या प्रत्येक सांध्याशी न्यायचं, पॉइंट घ्यायचा, पुढं जायचं. ही मेहनत पुन्हा कशाला, म्हणून जुन्याचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकला. पहिल्या कोपऱ्यावर वेल्डची रेघ नेमकी सांध्यात बसली. दूरच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत ती दीड मिलिमीटर बाजूला सरकली होती. वेल्डिंगची तारच मुळी १.२ मिलिमीटर जाडीची. म्हणजे रेघ सांध्याच्या कडेनं चालत गेली आणि सांधा उघडाच राहिला.

मी तिथं मापं घ्यायला गेलो होतो. चौकट पकडून ठेवणारं जिग तपासलं, जॉब म्हणजे चौकट तपासली, दोन्ही जागच्या जागी. मिस्त्री नव्या रोबोटकडे बघत म्हणाले, “भाऊ, येना हात न्यारा शे.” म्हणजे याचा हात वेगळा आहे.

खरं तर हेच उत्तर होतं. पुढचे दोन दिवस मी तेच आकड्यांत मांडत बसलो.

मराठीत ‘वळण’ हा भारी शब्द आहे. अक्षराला वळण असतं, पोराला वळण असतं, रस्त्यालाही असतं. एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलांचा ‘क’ सारखा येत नाही, पण प्रत्येकाचा ‘क’ जन्मभर स्वतःसारखाच येतो. रोबोटचं नेमकं असंच आहे.

रोबोटच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात एक आकडा छापलेला असतो, ±०.०५ मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास. तो वाचून मालक खूश होतात, पण तो आकडा असतो पुनरावृत्तीचा. शिकवलेल्या जागी रोबोट परत परत गेला तर किती कमी फरकानं जाईल, एवढंच तो सांगतो. आयएसओ ९२८३ या प्रमाणानुसार एकेका बिंदूवर ३० वेळा जाऊन हे तपासतात. पण ‘अमुक बिंदूवर जा’ असं नुसतं आकड्यांत सांगितलं तर तो नेमका तिथं पोचेल का, हा प्रश्न वेगळा. तिथं साध्या, न तपासलेल्या रोबोटची चूक मिलिमीटरभर किंवा जास्तही निघते. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला गडी आठवा. गोफणीचे पाचही दगड एकाच ढेकळावर बसले, फक्त ते ढेकूळ पाखरांपासून हातभर डावीकडं होतं. गड्याचा हात पक्का आहे, नेम चुकलेला आहे. हाताला हात लावून टीच केलेल्या रोबोटला नेमाची गरजच पडत नाही, कारण त्याला दगड पडतो तीच जागा शिकवलेली असते. गरज पडते ती एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यात घालताना, किंवा कॉम्प्युटरवर बसून प्रोग्रॅम लिहिताना.

हा नेम का चुकतो? सहा सांध्यांचा हात आहे. प्रत्येक सांध्याला ‘शून्य’ कुठं हे कारखान्यात ठरवलेलं असतं आणि चुकीचा सर्वांत मोठा वाटा बहुधा या शून्याचाच असतो. बुडाकडच्या एका सांध्याचं शून्य ०.०५ अंशानं, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागानं हललं, तर १.७ मीटर लांबवर पसरलेल्या हाताचं टोक दीड मिलिमीटर सरकतं. सांध्याशी काही दिसत नाही, फरक पडतो तो टोकाला. त्याखेरीज गिअरमधली किंचित ढिलाई, टॉर्चच्या वजनानं वाकणारा हात, दोन सांध्यांमधल्या लांबीत राहिलेला केसाएवढा फरक. आणि यातलं काही सगळीकडे सारखं दिसत नाही. हात दुमडलेला असताना कमी, पसरला की जास्त. म्हणूनच आमची रेघ पहिल्या कोपऱ्यावर शहाण्यासारखी बसली होती.

आपल्याकडं यात उन्हाची भर. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबी प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण २३ मायक्रोमीटर वाढते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी २८ आणि दुपारी ४४ धरा. सोळा अंशांचा फरक, म्हणजे मीटरभर ॲल्युमिनियम जवळजवळ ०.३७ मिलिमीटरनं लांब. ओतीव लोखंडाचा किंवा पोलादाचा भाग याच्या निम्म्यानं वाढतो. वर मोटर आणि गिअर स्वतःही तापतात ते वेगळंच. भुसावळच्या उन्हात माणूस दुपारी सैल पडतो, यंत्रही पडतं, फक्त ते बोलून दाखवत नाही.

१९५५ साली जाक देनावित आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी असा हात आकड्यांत मांडायची सुटसुटीत रीत दिली. दर सांध्याला चार आकडे, सहा सांध्यांचे चोवीस. कंपनीनं दिलेले चोवीस आकडे हे कागदावरच्या आदर्श रोबोटचे असतात. शेडमध्ये उभा असलेला रोबोट तो नव्हे. त्याचे खरे आकडे काढायचे तर त्याला पन्नासेक वेगवेगळ्या अवस्थांत उभं करायचं, दर वेळी टोकाची जागा लेझर ट्रॅकरनं मोजायची आणि कोणते चोवीस आकडे धरले तर ही सगळी मापं कमीत कमी तफावतीनं जुळतात ते गणितानं शोधायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

‘डिजिटल ट्विन’ हा शब्द हल्ली प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येतो. कल्पना मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मांडली. हे नाव नासातल्या जॉन विकर्स यांच्याकडून आलं आणि २०१० पासून रुजलं. कॉम्प्युटरवर यंत्राची हुबेहूब प्रतिकृती ठेवायची, प्रत्यक्ष यंत्राकडून येणारी मापं तिला सतत भरवायची आणि बदल आधी तिच्यावर करून बघायचे. यानं शेड बंद न ठेवता प्रोग्रॅम लिहिता येतो, टॉर्च जिगला आपटणार असेल तर आधी पडद्यावर आपटते. पण पडद्यावर फिरणारं देखणं चित्र म्हणजे ट्विन, असं सांगून विकणारेही पुष्कळ आहेत. ज्या प्रतिकृतीत या एका यंत्राची खोड उतरलेली नाही, ती त्याची जुळी बहीण नव्हे, फार तर गावातली कुणीतरी.

आता थोडं लांब जातो. ‘हे कुणाचं लिखाण?’ हा प्रश्न सोडवणारे संशोधकही हीच खोड शोधत असतात. टी. सी. मेंडेनहॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये सुचवलं की लेखक किती अक्षरी शब्द किती वेळा वापरतो याचा आलेख काढला तर तो त्याची ओळख ठरावा. कल्पना ढोबळ होती, दिशा योग्य होती. खरा ठसा उमटवला फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी, १९६४ मध्ये. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये ‘पब्लिअस’ या टोपणनावानं ८५ निबंध छापले गेले. लिहिणारे तिघे: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतल्या बारांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांचाही दावा होता. दोघांचे विचार सारखे, शिक्षण सारखं, भारदस्त भाषाही सारखी. मोस्टेलर-वॉलेस यांनी विचार बाजूला ठेवले आणि फुटकळ शब्द मोजले. ‘वर’ या अर्थी ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेकदा वापरतो, मॅडिसन जवळजवळ नाहीच. एक ‘व्हाइल’ लिहितो, दुसरा ‘व्हिल्स्ट’. बाराही निबंधांचं माप मॅडिसनच्या बाजूनं झुकलं. सुरुवातीला हे काम कागदाच्या लांब पट्टीवर एकेक शब्द टाइप करून, कात्रीनं कापून, चिठ्ठ्या हातानं वर्णक्रमानं लावून चाललं होतं. कुणी पंखा लावला असता तर राज्यघटना खोलीभर झाली असती.

फुटकळ शब्दच का? मोठे शब्द विषयाप्रमाणं बदलतात. केळीवर लिहिताना ‘घड’ येणार, कापसावर लिहिताना ‘बोंड’. पण ‘तर’, ‘की’, ‘मात्र’, ‘देखील’ यांकडं लिहिणाऱ्याचं लक्षच नसतं, आणि लक्ष नसतं तिथं वळण उघडं पडतं.

मराठीला या मोजणीची गरज आहे. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, ती नाममुद्रा. पण नाव सारखं असलं की घोटाळा. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा, दोघेही ‘नामा’. गाथेत दोघांच्या रचना मिसळल्या आणि अभ्यासकांची डोकेदुखी सुरू झाली. सही कुणालाही करता येते, वळण उचलणं अवघड. अर्थात इंग्रजीची रीत जशीच्या तशी चालत नाही. आपला ‘साठी’, ‘वर’, ‘पासून’ शब्दाला चिकटून येतो, तेव्हा शब्द फोडून प्रत्यय मोजावे लागतात. ‘आणि’, ‘व’, ‘नि’ यांतलं कोण काय निवडतो, ‘च’ कुठं लावतो, ‘पण’ की ‘परंतु’, हे बघावं लागतं. मिस्त्रींच्या त्या पाच शब्दांच्या वाक्यात ‘ना’ आणि ‘शे’ आले, तेवढ्यावरून ते अहिराणी मुलखातले, अमळनेर-धुळ्याकडचे, हे जळगावात कुणीही सांगेल. यावल-रावेरकडचा लेवा गणबोली बोलणारा माणूस तसं म्हणणार नाही.

दोन्ही वाटा एका ठिकाणी चक्क मिळाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ थ्री-डी प्रिंटरवर कुलपाच्या किल्ल्या छापल्या. साध्या स्कॅनरवर त्या ठेवून पृष्ठभागावरच्या बारीक सुरकुत्या तपासल्या आणि किल्ली कोणत्या प्रिंटरची हे ९९.८ टक्के वेळा बरोबर ओळखलं. प्लॅस्टिकची तार सोडणारं तोंड प्रत्येक प्रिंटरमध्ये किंचित वेगळं हलतं, तोच त्याचा हात. पुढंमागं बनावट सुटा भाग कुठल्या यंत्रातून निघाला ते यावरून शोधता येईल.

मला यातली गंमत अशी वाटते की आम्ही यंत्रवाले जी खोड मापून पुसून टाकतो, तीच हे लोक जपून ठेवतात. पण पुसणं आणि वाचणं दोन्ही जमतं ते चूक एकसारखी असेल तरच. आज डावीकडं, उद्या उजवीकडं असं चाललं तर ना कॅलिब्रेशन होतं ना लेखक सापडतो. लिखाणात तर माणूस मुद्दाम वळण बदलू शकतो, आणि दोन-चार ओळींच्या निनावी चिठ्ठीवरून लेखक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. त्याला काही हजार शब्द हवेत.

आणि हात एकाचा, बोल दुसऱ्याचे, असंही असतं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी कागदावर उतरवल्या. टिपणाऱ्याचं शुद्धलेखन आणि गाणारीचा शब्द वेगळा काढायला कान लागतो. आमच्या शेडमध्ये उलटं होतं. टॉर्च कोणत्या कोनात धरायची, कोपऱ्यावर क्षणभर कुठं थांबायचं, हे सगळं मिस्त्रींचं. रोबोट फक्त टिपून घेणारा. नव्या रोबोटच्या सहा सांध्यांच्या शून्यांचे फरक भरले तेव्हा दूरच्या कोपऱ्यावरही रेघ सांध्यात बसली, आणि कोपऱ्यावरची ती अर्ध्या सेकंदाची थांब दोन्ही यंत्रांत हुबेहूब दिसायला लागली.

ते सहा आकडे मिस्त्रींनी खिशातल्या डायरीत लिहून घेतले. पावसाळ्यात तिसऱ्या सांध्याचा गिअरबॉक्स बदलावा लागला, शून्य नव्यानं लावलं, आणि रेघ परत सरकली. मिस्त्रींनी मला फोन केला नाही. डायरीतला तिसरा आकडा खोडला, शेजारी तारीख घातली, आणि ट्रॅकरवाला येईपर्यंत ती जागा कोरी ठेवली.