स्ट्रीमिंग प्रोटोकॉलची जुळणी, कमांड लाइनवरील

ध्वनी-चित्राचा प्रवाह नेटवर्कवरून घेताना किंवा पाठवताना तो कोणत्या प्रोटोकॉलने (संगणकांतील देवाणघेवाणीच्या नियमसंचाने), टीसीपीवरून (माहिती पोचल्याची खात्री करत) की यूडीपीवरून (तशी खात्री न करता), किती बफर (तात्पुरता साठा) राखून आणि किती वेळ वाट पाहून हाताळायचा, हे कमांडमध्येच लिहून ठरवण्याची पद्धत. एफएफएमपेग, व्हीएलसी, जीस्ट्रीमर, एमप्लेयर आणि त्यातून निघालेला एमपीव्ही ही या पद्धतीची प्रमुख साधने होत. कॅमेऱ्याचे चित्रण साठवणे, थेट प्रक्षेपण सर्व्हरकडे पाठवणे, एका प्रोटोकॉलमधला प्रवाह दुसऱ्यात वळवणे हे उपयोग सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोठून धरावी, याची मांडणी दोन प्रकारे करता येते. एका मांडणीनुसार ती एमबोन या प्रायोगिक मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पोचवणाऱ्या) जाळ्यापर्यंत मागे जाते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची बैठक मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथे भरली, तिच्या ध्वनिप्रसारणासारख्या प्रयोगांतूनच हे जाळे वाढले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन व स्टीव्हन मॅकॅन यांची ‘व्हॅट’ (ध्वनीसाठी) आणि ‘व्हिक’ (चित्रासाठी) ही साधने सुरू करताना मल्टिकास्ट गटाचा पत्ता, पोर्ट आणि पॅकेट (नेटवर्कवर जाणारा माहितीचा तुकडा) किती टप्पे ओलांडू शकेल याची मर्यादा, म्हणजे टीटीएल, कमांडमध्ये देता येत असे. दुसरी मांडणी २००० च्या आसपासच्या मुक्त सॉफ्टवेअरपासून सुरुवात धरते. फाब्रिस बेलार यांनी एफएफएमपेगचे काम २००० मध्ये सुरू केले, एमप्लेयरही त्याच वर्षीचा. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभलेला व्हिडिओलॅन प्रकल्प १ फेब्रुवारी २००१ रोजी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला झाला. कल्पना पहिल्या पिढीची, पण आज रूढ असलेली लेखनशैली, म्हणजे पत्त्याच्या आरंभीच प्रोटोकॉलचे नाव आणि त्याच्या मागेपुढे पर्याय, ही मुख्यतः दुसऱ्या पिढीची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एमबोनच्या साधनांना प्रोटोकॉल निवडावा लागत नव्हता, तो गृहीतच होता.

पत्ता की पर्याय : जुळणीची मूल्ये लिहायची कोठे, हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. त्यासाठी तीन जागा वापरात आल्या : पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा भाग, कमांडचे स्वतंत्र पर्याय, आणि वेगळी फाइल. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांत आरटीएसपी (प्रवाह सुरू करणे, थांबवणे असे नियंत्रण करणारा प्रोटोकॉल) पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह व ‘टीसीपी’ असे लिहिले की प्रवाह टीसीपीवरून येई. अडचण अशी की प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर मुळात सर्व्हरसाठी असतो. अनेक कॅमेरे वाहिनीचा क्रमांक किंवा चित्राचा दर्जा याच भागात मागतात. त्यातले काही शब्द ग्राहक-साधनाने स्वतःसाठी उचलायचे आणि उरलेले सर्व्हरकडे धाडायचे, ही व्यवस्था फार काळ टिकण्याजोगी नव्हती. साधारण २०११ च्या सुमारास ‘आरटीएसपी-ट्रान्सपोर्ट’ हा स्वतंत्र पर्याय आला आणि पत्त्यातील लेखन मागे पडले.

यूडीपी व एसआरटी (यूडीपीवर चालणारा, गळालेली पॅकेट पुन्हा मागवणारा प्रोटोकॉल) यांच्या बाबतीत मात्र एफएफएमपेगने पत्त्यातील लेखन आजही राखले आहे. पॅकेटचा आकार, टीटीएल, बफरची लांबी, एसआरटीची भूमिका हे सारे प्रश्नचिन्हानंतर ‘अँड’च्या चिन्हाने जोडून लिहिता येते. ही विसंगती वरवरची आहे. साध्या यूडीपी प्रवाहात पलीकडे पत्ता वाचणारा सर्व्हरच नसतो. पॅकेटमध्ये फक्त आयपी पत्ता आणि पोर्ट जातो, बाकी पत्ता स्थानिक साधनापुरताच असतो. एसआरटीतही पलीकडच्या बाजूला कळवायचा मजकूर ‘स्ट्रीमआयडी’ या वेगळ्या रकान्यातून जातो, पत्ता जसाच्या तसा जात नाही. तेव्हा पत्ता दूरच्या सर्व्हरच्या मालकीचा असेल तर जुळणी पर्यायांत लिहावी, तो साधनाच्याच मालकीचा असेल तर पत्त्यात लिहिली तरी चालते, एवढा नियम यातून काढता येतो. कोणत्याही साधनाच्या निर्मात्यांनी तो या शब्दांत मांडलेला नसला तरी बहुतेक उदाहरणे त्यात बसतात.

न बसणारे उदाहरण आरटीएमपी या, मूळ फ्लॅशसाठी घडवलेल्या प्रोटोकॉलचे. ‘लिबआरटीएमपी’ या ग्रंथालयात (इतर साधनांत जोडता येणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत) जुळणी पत्त्यानंतर रिकामी जागा सोडून ‘नाव=मूल्य’ अशा जोड्यांनी लिहितात. त्यामुळे अख्खा पत्ता अवतरणात घालावा लागतो आणि मूल्यातच रिकामी जागा असेल तर ती उलट्या तिरप्या रेघेनंतर तिचा षोडशमान (हेक्साडेसिमल) संकेत देऊन लिहावी लागते. एफएफएमपेग बांधताना हे ग्रंथालय जोडले तर ते अंगभूत आरटीएमपीची जागा घेते. परिणामी तीच कमांड एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर अडते, आवृत्तीचा क्रमांक दोन्हीकडे सारखा असूनही.

तिसरी जागा, म्हणजे वेगळी फाइल, आज मुख्यतः आरटीपी (ध्वनी-चित्राची पॅकेट वाहणारा प्रोटोकॉल) याच्या एसडीपी वर्णनात, म्हणजे प्रवाहाचा तपशील देणाऱ्या मजकुरात, दिसते. एफएफएमपेगसोबत येणारा ‘एफएफसर्व्हर’ आपली सारी जुळणी फाइलमधून घेई, पण २०१८ च्या ४.० आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला.

पर्यायांची जागा कमांडमध्येही महत्त्वाची असते. एफएफएमपेगमध्ये ‘आय’ या निविष्टीच्या (इनपुटच्या) पर्यायाआधी लिहिलेले पर्याय निविष्टीला लागतात, नंतरचे पुढच्या निर्गताला (आउटपुटला). नवख्यांच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथे सापडते. शिवाय ‘अँड’चे चिन्ह अवतरणात नसेल तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्याचा वेगळाच अर्थ लावते : पत्ता तेथेच तुटतो आणि कमांड पार्श्वभूमीत जाते. व्हीएलसीच्या यूडीपी पत्त्यातील ‘ॲट’चे चिन्हही असेच फसवे आहे. सर्वसाधारण पत्त्यात त्याच्या डावीकडे वापरकर्त्याचे नाव येते, व्हीएलसीत डावीकडे स्रोताचा पत्ता आणि उजवीकडे ज्यावर ऐकायचे तो पत्ता.

आरटीएसपी : हा प्रोटोकॉल आरएफसी (इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) २३२६ मध्ये एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची २.० आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये आरएफसी ७८२६ म्हणून आली, परंतु व्यवहारात बहुतेक साधने व कॅमेरे जुन्याच आवृत्तीवर आहेत. आरटीएसपी स्वतः चित्र वाहत नाही. प्रवाह सुरू करणे, थांबवणे, पोर्ट ठरवणे एवढेच त्याचे काम, तेही बहुधा ५५४ या पोर्टवर. चित्र आरटीपीने वेगळ्या यूडीपी पोर्टांवर येते : सम क्रमांकाचे पोर्ट आरटीपीला, लगतचे विषम पोर्ट आरटीसीपी या त्याच्या सोबतच्या नियंत्रण-प्रोटोकॉलला. फायरवॉल किंवा पत्ते बदलणारा राउटर मध्ये असला की ही पोर्टे अडतात आणि संवाद यशस्वी होऊनही पडद्यावर काहीच येत नाही. त्यावरचा उपाय मूळ आरएफसीतच आहे. आरटीपीची पॅकेट आरटीएसपीच्याच टीसीपी जोडणीत गुंफायची, प्रत्येकाआधी डॉलरचे चिन्ह, एका बाइटचा वाहिनी-क्रमांक आणि दोन बाइटांची लांबी घालून.

या गुंफणीचा पर्याय प्रत्येक साधनात वेगळ्या नावाने येतो. एमप्लेयरमध्ये ‘आरटीएसपी-स्ट्रीम-ओव्हर-टीसीपी’, व्हीएलसीत ‘आरटीएसपी-टीसीपी’, जीस्ट्रीमरच्या ‘आरटीएसपीएसआरसी’ घटकात ‘प्रोटोकॉल्स’. मूळ निवडही सारखी नाही. एमपीव्ही आपणहून टीसीपी धरतो. एफएफएमपेग आधी यूडीपी वापरून पाहतो आणि ठरावीक वेळेत एकही पॅकेट आले नाही तरच टीसीपीकडे वळतो. पॅकेट येत असतील पण निम्मी गळत असतील, तर तो वळत नाही आणि चित्र चौकटी-चौकटींनी फाटलेले दिसत राहते. म्हणून अखंडता महत्त्वाची असेल तेथे टीसीपी स्पष्ट लिहिणेच बरे. मल्टिकास्टला मात्र टीसीपी उपयोगाची नाही.

जुन्या पत्त्यांत आढळणारा ‘आरटीएसपीयू’ हा उपसर्ग अनेकदा चित्र यूडीपीवरून मागण्याची खूण समजला जातो. तो तसा नाही. आरएफसी २३२६ नुसार त्यात आरटीएसपीचे नियंत्रण-संदेशच यूडीपीवरून जातात, चित्राच्या वाहतुकीशी त्याचा संबंध नाही.

कालमूल्यांची एकके : प्रतीक्षेची व बफरची मूल्ये कोणत्या एककात लिहायची याबाबत एकवाक्यता नाही. एमपीव्हीचा ‘नेटवर्क-टाइमआउट’ सेकंदांत, व्हीएलसीचा ‘नेटवर्क-कॅशिंग’ मिलिसेकंदांत. जीस्ट्रीमरच्या ‘आरटीएसपीएसआरसी’ या एकाच घटकात ‘लेटन्सी’ मिलिसेकंदांत आहे आणि तिचे मूळ मूल्य २,०००, तर ‘टाइमआउट’ मायक्रोसेकंदांत. एफएफएमपेगच्या आरटीएसपीत तर नावांचीच अदलाबदल झाली. २०२२ च्या ५.० आवृत्तीपूर्वी ‘टाइमआउट’ हा पर्याय सेकंदांत असे आणि त्याचा अर्थ येणाऱ्या जोडणीची वाट पाहणे असा होता. तो लिहिताच साधन ग्राहकाऐवजी ऐकणारा बने. सॉकेटच्या प्रतीक्षेसाठी ‘एसटाइमआउट’ हे वेगळे नाव होते, मायक्रोसेकंदांत. ५.० पासून ‘एसटाइमआउट’ गेला, ‘टाइमआउट’ला त्याचा अर्थ व त्याचे एकक मिळाले, आणि जुन्या अर्थासाठी ‘लिसन-टाइमआउट’ हे नाव आले. जुन्या मार्गदर्शिकेतली कमांड नव्या आवृत्तीत, किंवा नवी जुन्यात, चालवल्यास होणारा घोटाळा त्रुटीसंदेशावरून नेहमीच ओळखू येतो असे नाही. जुन्या आवृत्तीत तर ‘पत्ता नेमता येत नाही’ अशा आशयाचा संदेश येतो. तो पाहून माणूस नेटवर्क तपासत बसतो.

यूडीपी व एसआरटी : एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे पॅकेट १८८ बाइटांचे असते. इथरनेटच्या १,५०० बाइटांच्या मर्यादेत, शीर्षके वजा जाता, अशी सात पॅकेट बसतात. म्हणून १,३१६ हा आकडा या साधनांच्या कमांडांत वारंवार दिसतो. एफएफएमपेगमध्ये यूडीपी पॅकेटचा मूळ आकार १,४७२ असल्याने १,३१६ हे मूल्य हाताने लिहिण्याचा प्रघात पडला. एफएफएमपेगच्या वर्तुळाकार बफरचा आकार सांगणारा ‘फिफो-साइझ’ बाइटांत नसून १८८ बाइटांच्या पॅकेटांत मोजतात, ही बाब सहज नजरेतून सुटते. हा वर्तुळाकार बफर भरून वाहू लागला की साधन त्रुटी देऊन थांबते. ‘ओव्हररन-नॉनफेटल’ला १ हे मूल्य दिल्यास ते पॅकेट सोडून पुढे जाते. त्याखाली कार्यप्रणालीचा स्वतःचा सॉकेट-बफर असतो. लिनक्सवर त्याची कमाल मर्यादा सामान्यतः २,१२,९९२ बाइट असते, आणि ती वाढवल्याशिवाय साधनात मोठा आकडा लिहून फरक पडत नाही.

एसआरटी हा प्रोटोकॉल हायव्हिजन या कंपनीने यूडीटी या आधीच्या प्रोटोकॉलवरून विकसित केला आणि २०१७ मध्ये त्याचा स्रोत खुला केला. एफएफएमपेगमध्ये तो ४.० आवृत्तीपासून ‘लिबएसआरटी’द्वारे मिळतो. दोन टोकांपैकी एकाने ‘लिसनर’ व दुसऱ्याने ‘कॉलर’ व्हायचे, किंवा दोघांनी ‘राँदेव्हू’ भूमिका घ्यायची. दोन्हीकडे ‘कॉलर’ लिहिले की जोडणी होत नाही, आणि ‘कॉलर’ हेच मूळ मूल्य आहे. गळालेले पॅकेट पुन्हा मागवायला मिळणारा अवधी म्हणजे ‘लेटन्सी’. ती दोन्ही टोकांवर वेगळी असल्यास मोठी लागू होते. ग्रंथालयात तिचे मूळ मूल्य १२० मिलिसेकंद आहे, पण एफएफएमपेगच्या पत्त्यात ती मायक्रोसेकंदांत लिहावी लागते. १२० एवढेच लिहिल्यास जवळजवळ शून्य अवधी मागितल्यासारखे होते. त्याच पत्त्यात जोडणीच्या प्रतीक्षेचे मूल्य मात्र मिलिसेकंदांत! कूटबद्धतेसाठीचे परवलीचे वाक्य १० ते ७९ अक्षरांचे हवे. ते कमांडमध्ये लिहिले तर चालू प्रक्रियांच्या यादीत इतर वापरकर्त्यांना दिसू शकते. आरटीएसपी पत्त्यातील पासवर्डचेही तेच.

आरटीएमपी : मॅक्रोमीडियाने फ्लॅशसाठी घडवलेला आणि पुढे ॲडोबीकडे गेलेला हा प्रोटोकॉल फ्लॅश संपल्यावरही प्रक्षेपण पाठवण्यासाठी टिकून आहे. पोर्ट १९३५. पत्त्याचे दोन अर्थ-भाग असतात, ‘ॲप’ आणि ‘प्लेपाथ’. तिरप्या रेघांच्या रांगेत पहिला कोठे संपतो हे पत्त्यावरून निश्चित कळत नाही. एफएफएमपेग ते घटकांच्या संख्येवरून अंदाजाने ठरवतो. अंदाज चुकल्यास ‘आरटीएमपी-ॲप’ व ‘आरटीएमपी-प्लेपाथ’ वेगळे द्यावे लागतात. निर्गताचे स्वरूप एफएलव्ही (फ्लॅशचे फाइल-स्वरूप) असे लिहावेच लागते, कारण पत्त्याला फाइलसारखा प्रत्यय नसतो. फाइल थेट प्रवाहासारखी पाठवायची असल्यास ‘आरई’ हा पर्याय लागतो, एरवी साधन ती वाचता येईल तितक्या वेगाने ढकलून मोकळे होते. एचईव्हीसी, एव्ही१ यांसारख्या नव्या कोडेकची (ध्वनी-चित्र संकुचित करण्याच्या पद्धतींची) सोय एफएफएमपेगमध्ये ६.१ आवृत्तीपासून आहे.

एचएलएस : ॲपलने २००९ मध्ये आणलेली, प्रवाहाचे छोटे तुकडे करून त्यांची यादी देणारी ही पद्धत ऑगस्ट २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ म्हणून नोंदली गेली. एफएफएमपेगमध्ये तुकड्याची मूळ लांबी २ सेकंद व यादीतील तुकडे ५. तुकडा की-फ्रेमवरच (स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण चौकटीवरच) तुटत असल्याने एन्कोडरमधील की-फ्रेमचे अंतर जुळवले नाही तर लांबीचे मूल्य कागदावरच राहते. यादीतील प्रत्येक तुकड्याची ओळ हा नवा पत्ता असतो, आणि येथेच सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. सीव्हीई-२०१६-१८९७ या दोषात फसवी यादी ‘कॉनकॅट’ प्रोटोकॉलद्वारे स्थानिक फाइलचा मजकूर बाहेरच्या पत्त्याला जोडून हल्लेखोराच्या सर्व्हरकडे पाठवू शके. त्यानंतर परवानगी असलेल्या प्रोटोकॉलांची यादी, ‘प्रोटोकॉल-व्हाइटलिस्ट’, आली. एसडीपी फाइल उघडताना फाइल, आरटीपी व यूडीपी ही तीन नावे तीत लिहावी लागतात ती याच कारणाने. पडताळणीचा त्रास टाळण्यासाठी सर्वच नावे लिहून टाकण्याची सवय या तरतुदीचा हेतूच घालवते.

डॅश, रिस्ट हे प्रोटोकॉलही ही साधने हाताळतात. वेबआरटीसीवर (ब्राउझरमधील थेट ध्वनी-चित्र संवादाच्या तंत्रावर) प्रक्षेपण पाठवणारा व्हिप हा प्रोटोकॉल मार्च २०२५ मध्ये आरएफसी ९७२५ म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी एफएफएमपेगच्या ८.० आवृत्तीत आला.