थीम पार्कची सहल: आराखड्यात आम्ही मोकळा वेळ का ठेवतो

आमच्याकडून थीम पार्कच्या सहलीचा आराखडा हाती पडला की बहुतेक ग्राहक पहिल्यांदा एकच विचारतात: दुपारचे हे दोन तास रिकामे का? तिकीट तर अख्ख्या दिवसाचं काढलंय! या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

सहलीहून परतलेल्या कुटुंबांशी आम्ही आवर्जून बोलतो. कोणती राइड आधी झाली, कोणती नंतर, हे आठवताना मुलं गोंधळतात. पण बुटाची सुटलेली नाडी बांधून देणारी पार्कमधली कर्मचारी ताई, रडू आवरत नव्हतं तेव्हा शेजारी येऊन बसलेला दादा, यांच्याबद्दल मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत. मोठ्यांचंही तसंच. एका कुटुंबातली मुलगी एका राइडसाठी बोटभर उंचीने कमी पडली. रांगेत एवढा वेळ ताटकळून ऐन दारात नकार, त्यामुळे तिचा चांगलाच हिरमोड झाला. उंची मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने पट्टी बाजूला ठेवली, तिच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, “पुढची गाडी तुझ्या इशाऱ्याशिवाय निघणार नाही.” तिने हात वर केला, कर्मचाऱ्याने मान डोलावली, गाडी सुटली. ती मुलगी आता कॉलेजात आहे. त्या सहलीत नंतर कोणकोणत्या राइड झाल्या ते तिला सांगता येत नाही, पण हा प्रसंग ती हातवारे करून सांगते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कर्मचाऱ्याने नियम वाकवला नाही. उंचीची अट सुरक्षा दांडा आणि आसनाच्या मापावर ठरते, तिथे गयावया करून उपयोग नाही आणि करूही नये. डिस्ने पार्कमध्ये कर्मचाऱ्यांना कामाचा जो अग्रक्रम शिकवला जातो, तो वर्षानुवर्षं असा होता: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखणेपणा आणि सगळ्यात शेवटी कामाचा झपाटा. अलीकडे त्यात सर्वसमावेशकतेची भर पडली. झपाटा शेवटी असल्यामुळेच रांग खोळंबलेली असतानाही कर्मचारी मिनिटभर एका मुलासाठी खाली बसू शकतो. आम्हाला हा क्रम मनापासून पटतो आणि आमचे आराखडेही आम्ही त्याच क्रमाने आखतो.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातलं एक उदाहरण आमचं फार आवडतं आहे. पाहुणा विचारतो, “तीनची मिरवणूक किती वाजता?” प्रश्न ऐकून हसू येईल, पण तिथे शिकवतात की या माणसाला खरं तर वेगळंच विचारायचं आहे. मिरवणूक या कोपऱ्यावर कधी पोचेल? मुलाला नीट दिसेल अशी जागा कुठली? सावली कुठे मिळेल? उत्तर द्यायचं ते या प्रश्नांचं. अशा उत्तराला अर्धं मिनिट जास्त लागतं, आणि ऐकणाऱ्याकडेही तेवढी सवड लागते. पुढच्या राइडची वेळ गाठायला धावणारं कुटुंब “तीनला” एवढं ऐकून पुढे जातं.

टोकियो डिस्नेलँडमध्ये झाडलोट करणाऱ्यांकडे जरूर लक्ष ठेवा. त्यांच्यातले काही जण झाडू पाण्यात बुडवून फरसबंदीवर मिकी माउसचं चित्र काढतात. एक मोठा गोल, वर दोन लहान गोल, मग डोळे, नाक, हसू. झाडूच्या टोकाने इतकी नेमकी रेघ निघते की बघत राहावं. उन्हात ते चित्र थोड्याच वेळात वाळून जातं. त्याची वेळ नकाशावर छापलेली नसते आणि त्यासाठी आरक्षणही करता येत नाही. तुम्ही त्या वेळी तिथे रेंगाळत असलात तरच ते दिसणार. दुपारचे ते दोन रिकामे तास याचसाठी.

याच पार्कमधला ११ मार्च २०११ चा दिवसही सांगायला हवा. पूर्व जपानला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा टोकियोच्या दोन्ही डिस्ने पार्कांत मिळून सुमारे ७० हजार पाहुणे होते. कर्मचाऱ्यांनी दुकानातली कापडी अस्वलं लोकांना दिली, ती डोक्यावर धरून डोकं वाचवा म्हणून. विक्रीसाठी ठेवलेला खाऊ फुकट वाटला, थंडीपासून बचावासाठी प्लास्टिकच्या पिशव्या आणि खोके दिले. रेल्वे बंद पडल्याने सुमारे २० हजार लोकांनी रात्र तिथेच काढली. हे करणाऱ्यांपैकी बरेच जण अर्धवेळ काम करणारे तरुण होते. एरवी नाडी बांधून देणारे हात ते हेच, असं आम्हाला वाटतं.

लहानशी गोष्ट एवढी का लक्षात राहते, याचा थोडा उलगडा मानसशास्त्रात मिळतो. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. त्रास जास्त वेळ झाला, पण शेवट जरा सुसह्य होता. मन अनुभवाची लांबी मोजत नाही, त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवतं. म्हणून संध्याकाळी सगळे दमलेले, चिडलेले असताना आम्ही शेवटची मोठी राइड ठेवत नाही.

आता तुमच्या बाजूने काय करता येईल ते. वाढदिवस असेल, पहिलीच भेट असेल, तर फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाच्या डिस्ने पार्कांत पाहुण्यांच्या मदतकक्षात त्याचा बिल्ला विनामूल्य मिळतो, टोकियोत वाढदिवसाचं स्टिकर कर्मचारी नाव लिहून देतात. तो लावून फिरा, दिवसभर अनोळखी माणसं शुभेच्छा देतील. लहान मूल राइडला जाणार नसेल तर दारावरच सांगा: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. मुलांना नावाची पट्टी लावलेला कर्मचारी ओळखायला शिकवा, चुकामूक झाली तर त्याच्याकडेच जायचं. आणि कृपया काही फुकट मिळवण्यासाठी मुलाला पुढे करू नका. सांडलेल्या पॉपकॉर्नच्या जागी कधी नवा पुडा मिळतो, कधी नाही. तो आपला हक्क नव्हे. मागून घेतलं की देणाऱ्याचा आनंद जातो आणि मुलाचाही.

आभार मानायला टीप देऊ नका, बहुतेक कामांत ती घेण्याची त्यांना मुभा नसते. त्याऐवजी नाव घेऊन कौतुक नोंदवा. मदतकक्षात ते लिहून घेतात, फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कांच्या अ‍ॅपमध्येही त्याची सोय आहे. नुसतं “स्टाफ छान होता” लिहिलं तर ते कोणापर्यंतच पोचत नाही. आराखड्याच्या शेवटच्या पानावर आम्ही यासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत: पट्टीवरचं नाव, ठिकाण, वेळ आणि त्यांनी काय केलं. त्याच रात्री मुलांकडून भरून घ्या. भाषेची अडचण असेल तर पान आमच्याकडे द्या, मजकूर तयार करून आम्ही पार्ककडे पाठवू. या कामाचं शुल्क आम्ही घेत नाही.